नोकरी सुटल्यावर ईएसआय आणि कंपनीचा मेडिक्लेम किती दिवस चालतो? (बेळगाव, खानापूर, निपाणी, शिनोळी)

उद्यमबाग_हिशेबनीस
काम गेल्यावर दवाखान्याचं काय, हा प्रश्न इथं सारखा येतो आणि उत्तरं अर्धवट मिळतात. "काम गेलं की कार्ड गेलं" असं सांगून ईएसआयवाल्यांना उगाच घाबरवलं जातं. उलट "कंपनीचा मेडिक्लेम महिनाभर तरी चालतोच" असंही ठोकून सांगतात. ही दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून एकाच ठिकाणी नीट लिहितो.

आधी आपलं काय आहे ते पे स्लिपवर बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कपातीत 'ईएसआय' असा रकाना असेल तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात. तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. १८,००० पगाराला तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५. तो रकाना नसेल आणि एखाद्या विमा कंपनीचं ई-कार्ड दिलेलं असेल तर तो ग्रुप मेडिक्लेम. दोन्ही कंपनीतूनच येतात, पण नियम एकाचे दुसऱ्याला अजिबात लागू नाहीत.

ईएसआयचं गणित असं. वर्षाचे दोन वर्गणी काळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्येकाला जोडून एक लाभ काळ. एप्रिल-सप्टेंबरची वर्गणी पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनला कामी येते, ऑक्टोबर-मार्चची १ जुलै ते ३१ डिसेंबरला. एका वर्गणी काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की त्याच्या लाभ काळाच्या अखेरपर्यंत तुम्हाला आणि कार्डावरच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. मधे नोकरी गेली तरी.

उदाहरण: एक माणूस आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नियमित कामावर होता आणि १२ नोव्हेंबरला कमी केला. एप्रिल-सप्टेंबरचे दिवस ७८ च्या वर आहेत, म्हणजे पुढच्या ३० जूनपर्यंत कार्ड चालू. डिसेंबरपर्यंतचे दिवस आदल्या ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर निघतात. ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर मात्र ४३ दिवसच होतात, म्हणून त्या पुढचे जुलै-डिसेंबर मिळणार नाहीत.

शिनोळी_शिफ्ट
म्हणजे ७८ दिवस नेमके कधी भरतात ते तारखेत सांगा की. नोटीसचा काळ धरून माणसाला ठरवता येईल.

उद्यमबाग_हिशेबनीस
ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, झाले ६१. त्यात १७ मिळवा. १७ डिसेंबर. दुसऱ्या काळात एप्रिल ३०, मे ३१, परत ६१. १७ जून. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. राजीनाम्याची तारीख आपल्या हातात असेल तर १० डिसेंबरला सोडण्याऐवजी १७ च्या पुढे सोडा, आठवड्याच्या फरकाने सहा महिन्यांचा दवाखाना मिळतो.

पण ही तारीख पगारी दिवसांची आहे. बिनपगारी रजा वजा होते. शिवाय काही कारखाने साप्ताहिक सुटी न धरता महिन्याला २६ दिवस भरतात. तसं असेल तर २६ त्रिक ७८, म्हणजे पुरे तीन महिने लागतात, १७ तारीख विसरा. पोर्टलवर मालकाने किती दिवस चढवलेत तेच शेवटी धरलं जातं.

खानापूर_रोड
ते दिवस बघायचे कसे ते लिहितो, कारण बऱ्याच जणांना आपण होऊन बघता येतं हेच ठाऊक नसतं. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारकाचं लॉगिन आहे, नाहीतर उमंग अ‍ॅपमध्ये ईएसआयसी शोधा. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक आणि नोंदवलेला मोबाईल लागतो. आत वर्गणीचा तक्ता उघडला की महिन्यागणिक दिवस, पगार आणि भरलेली रक्कम दिसते. पात्रतेचाही तपशील तिथंच असतो.

चुका कुठं होतात ते सांगतो. फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये कंत्राटदारामार्फत असलेल्यांचे दिवस हमखास कमी चढवलेले असतात. २६ दिवस काम, तक्त्यात १५. पगारातून कापलंय पण भरलंच नाही, असंही होतं. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, तेव्हा २० तारखेनंतर तक्ता बघितला की लगेच कळतं. कामावर असतानाच बघा. सुटल्यावर कंत्राटदार फोन उचलत नाही. कमी दिसलं तर पे स्लिप, हजेरी कार्डाचा फोटो आणि बँकेचं पगाराचं पान जोडून ईएसआयच्या शाखा कचेरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टोल फ्री १८००-११-२५२६.

कापून घेतलेली वर्गणी मालकाने भरली नाही तर ती वसूल करणं ईएसआय महामंडळाचं काम आहे, कामगाराचं नाही. हे काउंटरवर शांतपणे सांगा.

शिनोळी_शिफ्ट
आमच्या इथला मुख्य घोळ वेगळा. कारखाना शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. माणूस रोज बेळगावातून जाऊन येऊन करतो. बायको-पोरं बेळगावात. कार्डावर दवाखाना महाराष्ट्रातला पडतो. अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये गेलं की "तुमचा दवाखाना इकडचा नाही" म्हणून परत पाठवूलालेत. काम सुटल्यावर तर तिकडं जायचं कारणच राहत नाही.

खानापूर_रोड
दवाखाना बदलून घेता येतो. नोंदणीत विमाधारकाचा दवाखाना वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा असे दोन रकाने असतात, कारण दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या कुटुंबाची सोय कायद्यातच धरलेली आहे. कामावर असताना मालकाच्या लॉगिनमधून पत्ता आणि दवाखाना बदलणं सगळ्यात सोपं, पाच मिनिटांचं काम. म्हणून शेवटच्या आठवड्यात हिशेबाच्या टेबलावर जाऊन तीन गोष्टी करून घ्या: पत्ता, दवाखाना, मोबाईल नंबर. सोबत नवीन ई-पहचान कार्डाची प्रिंट. त्यावर घरच्यांची नावं आणि फोटो आहेत ना ते तिथंच बघा. बाळ झालं असेल तर त्याचं नाव चढवलंय का बघा. आई-वडील घालायचे तर त्यांच्या उत्पन्नाची महिना ९,००० रुपयांची मर्यादा आहे.

काम सुटून गेलं असेल तर बेळगावच्या शाखा कचेरीत आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन अर्ज करा. होतं, फक्त फेऱ्या पडतात. निपाणीहून कागलला जाणाऱ्यांनाही हेच.

निपाणी_नाका
नोकरी गेल्यावर ईएसआयमधून पैसेही मिळतात म्हणे, ते खरं काय?

उद्यमबाग_हिशेबनीस
खरं. दोन योजना आहेत आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी, बेकार होण्याआधीच्या वर्गणी काळात ७८ दिवस, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात ७८ दिवस. ही योजना मुदत वाढवत वाढवत चाललेली आहे, म्हणून अर्जाच्या वेळी पोर्टलवर ती चालू आहे का ते बघून घ्या. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्तीचं वय झालेल्याला आणि आपणहून काम टाकून गेलेल्याला ती नाही.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता. पहिले बारा महिने ५० टक्के, पुढचे बारा २५ टक्के. आणि मुख्य म्हणजे भत्ता चालू असेपर्यंत स्वतःला आणि कुटुंबाला औषधोपचारही चालू राहतो. सबंध युनिट बंद झालेल्यांनी आधी ही बघावी.

आता यातली ग्यानबाची मेख. मालक शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना कारणाचा एक कोड निवडतो. 'नोकरी सोडली' हा एक कोड, 'कामगार कपात' हा दुसरा. क्लार्क सवयीने पहिला टाकतो. मग तुम्हाला कमी केलेलं असूनही नोंदीत तुम्ही सोडून गेलेले दिसता आणि भत्त्याचा अर्ज अडकतो. "राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करतो" असं म्हटलं तर सही करण्याआधी हे लक्षात ठेवा. कपात असेल तर कपातीचं पत्र मागा.

वडगाव_टेबल
बाळंतपणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ईएसआयमध्ये आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवस भरले असतील तर २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात काम सुटलेल्या बायका हक्क गेला असं समजून गप्प बसतात. तक्ता काढून दिवस मोजा, ताई. ग्रुप मेडिक्लेमचं बरोबर उलट आहे. शेवटच्या दिवसानंतर बाळंतपणाचा एक रुपया नाही, आणि नवीन वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला बहुतेक ठिकाणी वेगळी थांबण्याची मुदत असते.

निपाणी_नाका
निवृत्त झालेल्यांना पण काहीतरी आहे ना, वर्षाला थोडे पैसे भरून?

उद्यमबाग_हिशेबनीस
हो. वर्षाला १२० रुपये. निदान पाच वर्षं विमापात्र नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला, स्वतःला आणि जोडीदाराला. एवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही, तरी अर्ज न करणारेच जास्त. निवृत्तीचं मालकाचं पत्र जपा. पोरांना यात घेता येत नाही.

विमा_फाईल
आता मेडिक्लेमकडे या. पुणे-बंगळूरच्या कंपन्यांची कामं घरून करणारे बेळगावात पुष्कळ झालेत आणि त्यांचं सगळं या ग्रुप पॉलिसीवर आहे.

पॉलिसी मालकाच्या नावावर असते, तुम्ही फक्त यादीतलं एक नाव. मालक यादीतून नाव कमी करतो तेव्हा तारीख टाकतो ती शेवटच्या कामाच्या दिवसाची. राजीनाम्याची नाही, हिशेब मिळाल्याची नाही. नोटीसऐवजी पैसे देऊन आजच मोकळं केलं तर आजच. काही पॉलिसीत महिनाअखेरपर्यंत मुभा असते, पण ते करारात लिहिलेलं दाखवा म्हणायचं, तोंडी ऐकायचं नाही.

वडगाव_टेबल
इथं दवाखान्याच्या कॅशलेस टेबलावरून दिसतं ते सांगते. मालक नावं कमी करण्याची यादी रोज पाठवत नाही, महिन्यातून एकदा पाठवतो. त्यामुळं ३ तारखेला सुटलेल्या माणसाचं ई-कार्ड २० तारखेलाही टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) अ‍ॅपवर हिरवं दिसतं. तो दाखल होतो, पहिली मंजुरीही येते. मग यादी पोचते, नाव ३ तारखेपासून कमी होतं आणि डिस्चार्जच्या दिवशी मंजुरी रद्द. सगळं बिल नातेवाइकांच्या अंगावर. कार्ड चालतंय म्हणजे विमा आहे असं धरू नका, शेवटची तारीख धरा.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर ते शेवटच्या दिवसाआधी करून घ्या. आणि सुटण्याआधीच्या उपचारांची बिलं टीपीएकडे मुदतीत टाका. नोकरी गेली तरी कव्हर चालू असताना दवाखान्यात दाखल झाल्याचा क्लेम तुमचाच आहे. फक्त पैसे जुन्या पगार खात्यात जातात, ते खातं लगेच बंद करू नका.

खानापूर_रोड
पण आता पोर्टेबिलिटी हा हक्क आहे ना? विमा कंपनीला नाही म्हणता येत नाही असं ऐकलंय.

विमा_फाईल
अर्धं बरोबर. या अर्ध्यावरच लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसीत जाण्याचा पर्याय तुम्हाला आणि ग्रुपमध्ये असलेल्या घरच्यांना द्यावाच लागतो. याला मायग्रेशन म्हणतात, पोर्टेबिलिटी नव्हे. पोर्टेबिलिटी म्हणजे दुसऱ्या कंपनीत जाणं. सरळ वाट अशी की आधी त्याच कंपनीत मायग्रेशन करायचं आणि वर्षाने नूतनीकरणाच्या वेळी, मुदतीच्या ६० ते ४५ दिवस आधी, दुसरीकडे अर्ज टाकायचा.

पर्याय हक्काचा असला तरी ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये येताना अंडररायटिंग होतं. म्हणजे कंपनी तब्येतीची माहिती मागते, तपासण्या सांगते, हप्ता वाढवू शकते, नाहीही म्हणू शकते. म्हणून अर्ज शेवटच्या दिवसाच्या महिनाभर तरी आधी जायला हवा. नकार आला तर दुसरं काही बघायला तेवढे दिवस हाताशी राहतात.

मग फायदा काय? ग्रुपमध्ये काढलेला काळ जमा धरला जातो. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सासूबाईंना शुगर आहे आणि त्या ग्रुपमध्ये सलग २८ महिने होत्या, तर नव्या पॉलिसीत ८ महिनेच थांबायचं. तीच पॉलिसी बाजारातून कोरी घेतली तर ३६ महिने, शिवाय अपघात सोडून सुरुवातीचे ३० दिवस काहीच नाही, आणि मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा यांना वेगळी मुदत.

आणखी एक. जमा धरलं जातं ते जुन्या रकमेपुरतंच. ग्रुपमध्ये ३ लाख होते आणि आता १० लाखांची घेतली तर पहिल्या ३ लाखांना २८ महिने मिळतात, वरच्या ७ लाखांचं घड्याळ शून्यापासून.

शिनोळी_शिफ्ट
कागद कुठले मागायचे? एकदा सुटलं की एचआरवाले ओळख दाखवत नाहीत.

विमा_फाईल
एकच पत्र मागा, पण नीट मागा. कंपनीच्या लेटरहेडवर: विमा कंपनीचं नाव, प्रत्येक वर्षाचा पॉलिसी नंबर, प्रत्येक सदस्याचं नाव, कव्हर सुरू आणि संपल्याची तारीख, प्रत्येक वर्षीची विमा रक्कम. मधे मालकाने विमा कंपनी बदलली असेल तर जुन्या कंपनीची वर्षंही त्यात हवीत. ती नसली तर नवीन कंपनी फक्त आपल्याकडची वर्षं धरते आणि २८ महिन्यांचे १० होतात. सगळ्यात जास्त नुकसान याच एका ओळीने होतं. सोबत आजवरच्या क्लेमची यादी, ई-कार्डांच्या प्रती आणि रिलीव्हिंग लेटर. हे ऑफिसचा ईमेल बंद होण्याआधी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

आई-वडिलांचा हप्ता पगारातून कापला असेल तर उरलेल्या महिन्यांचा परतावा विचारा. क्लेम झालेला नसेल तर विमा कंपनी तो दिवसांच्या हिशेबाने मालकाला देते, आणि तो शेवटच्या हिशेबात तुमच्यापर्यंत यायला हवा.

अर्जात आजार लपवू नका. बीपीची एक गोळी चालू असेल तर एक लिहा. सलग ६० महिने होईपर्यंत कंपनी लपवाछपवीचं कारण देऊन क्लेम नाकारू शकते.

निपाणी_नाका
हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी पण बसतो ना?

विमा_फाईल
वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य. जुना कोटेशनचा कागद घेऊन कोणी आलं तर त्यात कर धरलाय का बघा. मोठी पॉलिसी झेपत नसेल तर 'आरोग्य संजीवनी' हे नाव सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळतं. प्रत्येक क्लेमला ५ टक्के आपले आणि खोलीभाड्याला मर्यादा, हे धरून चाला. अर्ज अडवला किंवा क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, कर्नाटकासाठी बंगळूर. विमा नियामकाचा फोन १५५२५५.

खानापूर_रोड
मधल्या काळात हातात काहीच नसेल त्यांच्यासाठी सरकारी योजना. 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक'मध्ये बीपीएल रेशनकार्डाला कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. एपीएल कार्ड असेल तर पॅकेजच्या ३० टक्के सरकार देतं, वर्षाला दीड लाखापर्यंत, बाकीचं आपण. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणजे आपल्याकडे जिल्हा रुग्णालय, बिम्स. थेट खाजगी दवाखान्यात जाऊन दाखल झाला की योजनेत बसवणं अवघड.

गावाकडे सोसायटीचे किंवा दूध संघाचे सभासद असाल तर कर्नाटक सरकारची यशस्विनी योजना. चार माणसांच्या ग्रामीण कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, पुढच्या प्रत्येकाला १००, आणि ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार. पण नोंदणी वर्षभर चालू नसते. सोसायटीच्या सेक्रेटरीला आजच विचारून ठेवा, खिडकी बंद झाल्यावर काही करता येत नाही.

शिनोळी_शिफ्ट
आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना? सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने ती लागू केलीय.

खानापूर_रोड
केलीय, २०२३ मध्ये. पण रेशनकार्ड कर्नाटकाचं, योजना महाराष्ट्राची, त्यामुळं कागदांवर गाडी अडते. आपलं गाव यादीत आहे का, आणि ज्या दवाखान्यात जायचंय तो त्या योजनेत आहे का, हे पेशंट नेण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा. कोल्हापूर-मिरजेपर्यंत गाडी करून गेल्यावर कळण्यात अर्थ नाही.

निपाणी_नाका
शेवटचा प्रश्न. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तर ईएसआय लगेच बंद होतं काय? काम सुटलेलं नाही, पण कार्ड जाणार म्हणून विचारलं.

उद्यमबाग_हिशेबनीस
लगेच नाही. वर्गणी काळाच्या मधे पगार वाढला तर तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि वाढलेल्या पगारावर होते. जुलैत वाढ झाली तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी, आणि तिचा लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत. पगार वाढताच "आता कापू नका" म्हणून अर्ज देणारे आहेत, तसं करू नका. त्या नऊ महिन्यांत वैयक्तिक पॉलिसी घेऊन टाका, म्हणजे ईएसआय संपायच्या आत तिचे पहिले ३० दिवस निघून जातील.

वडगाव_टेबल
त्यात एक भर. ती पॉलिसी घेताना ईएसआयची वर्षं जमा धरली जात नाहीत. ईएसआय हा विमा कंपनीचा मेडिक्लेम नव्हे, तिथून मायग्रेशन नाही. शुगर-बीपीवाल्यांचे ३६ महिने कोरे सुरू होतात, म्हणून त्यांनी वाढीचं पत्र हातात आलं की त्याच महिन्यात अर्ज टाकावा.

निपाणी_नाका
समजलं. आमच्या इथं पाच-सहा जणांना ऑगस्टमध्ये वाढ झालीय, त्यांना हाच धागा पाठवतो.